विंडोज बदलली अन् ठशाचे यंत्र रुसले! नव्या प्रणालीत जुनी उपकरणे का अडतात?

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनची ई-केवायसी, निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला, विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज ही सगळी कामे कुठल्या ना कुठल्या सेवा केंद्रातील एका संगणकावर येऊन थांबतात. त्या संगणकाला एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि बोटांचे ठसे घेणारे छोटे यंत्र जोडलेले असते. यातले एक जरी अडले, तरी साकोळ, येरोळ किंवा उजेडहून आलेल्या माणसाची फेरी वाया जाते. दिवसाची मजुरी आणि प्रवासभाडे पदरचे जाते, ते वेगळेच.

संगणक ‘अपडेट’ केल्यानंतर नेमके हेच घडल्याचा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. कालपर्यंत छपाई करणारा प्रिंटर गप्प होतो. ठशाचे यंत्र लाल दिवा दाखवते, पण संकेतस्थळ म्हणते ‘उपकरण सापडले नाही’. दूध संकलन केंद्रातला वजनकाटा आकडे दाखवतो, पण ते संगणकात उतरत नाहीत. यंत्र बिघडले असे समजून नवे घेण्याआधी थोडे थांबा. बहुतेक वेळा यंत्र शाबूत असते. तुटलेला असतो तो संगणकाशी असलेला संवाद.

हा प्रश्न आताच का उभा राहिला?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, कामही करतो. मात्र सुरक्षेतील नव्या त्रुटी बुजवणारे मोफत अपडेट नेहमीच्या मार्गाने येत नाहीत. ज्या संगणकावर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि जमिनीची कागदपत्रे हाताळली जातात, तिथे ही बाब किरकोळ नाही.

म्हणून अनेकांनी विंडोज ११ कडे मोर्चा वळवला. ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. पण तिच्या अटी कडक आहेत आणि जुन्या उपकरणांबाबत ती कमी सोशिक आहे. अडचणी सुरू होतात त्या इथे.

‘ड्रायव्हर’ म्हणजे नेमके काय?

उदगीरच्या बाजारात कर्नाटकातून आलेला व्यापारी फक्त कन्नड बोलतो आणि आपला शेतकरी फक्त मराठी, अशी कल्पना करा. माल चांगला, पैसा रोख. तरी दोन्ही भाषा येणारा माणूस मध्ये नसेल तर सौदा होणार नाही. संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये हे दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

विंडोज बदलली की एका बाजूची भाषा आणि नियम बदलतात. जुना दुभाष्या नव्या नियमांत बसला तर काम सुरळीत चालते. नाही बसला, तर उपकरण कितीही धडधाकट असले तरी संगणकाला ते ओळखू येत नाही. हे होण्याची तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण ३२ आणि ६४ बिटचे. विंडोज १० या दोन्ही प्रकारांत मिळत असे. दोन-चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकांवर ३२ बिटची आवृत्ती टाकलेली असे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि ३२ बिटचा ड्रायव्हर तिच्यावर चालत नाही. उपकरणासोबत मिळालेल्या जुन्या सीडीतून ड्रायव्हर टाकण्याची धडपड अनेकदा फसते, त्यामागे हेच असते.

दुसरे कारण डिजिटल स्वाक्षरीचे. ६४ बिट विंडोज स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. कोण बनवला याचा पुरावा नसलेल्या प्रोग्रॅमला प्रणालीच्या गाभ्यात शिरू द्यायचे नाही, हा त्यामागचा हेतू आहे.

तिसरे कारण ‘मेमरी इंटिग्रिटी’. या सुविधेमुळे प्रणालीच्या गाभ्यातील स्मृतीवर जादा पहारा बसतो. जुन्या पद्धतीने लिहिलेले काही ड्रायव्हर या पहाऱ्यात अडकतात. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या मार्गाने गेल्यास विसंगत ड्रायव्हरची यादी पाहता येते. ही सुविधा कायमची बंद करण्यापेक्षा तो ड्रायव्हर बदलणे शहाणपणाचे.

दुरुस्ती कुठून सुरू करावी?

पहिली पायरी साधी आहे. उपकरणाची केबल काढून दुसऱ्या यूएसबी पोर्टला, शक्यतो डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला, थेट लावावी. मध्ये हब असेल तर तो काढावा. शक्य असल्यास तेच उपकरण ड्रायव्हर असलेल्या दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. तिथे चालले, तर यंत्र ठीक आहे हे पक्के होते.

दुसरी पायरी ‘डिव्हाइस मॅनेजर’. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की हे नाव यादीत दिसते. ज्या उपकरणापुढे पिवळे त्रिकोणी चिन्ह आहे, त्यावर दोनदा क्लिक करावे. तिथे एक कोड क्रमांक मिळतो. तापाची चिठ्ठी न वाचता गोळी देऊ नये, तसे हा क्रमांक न पाहता ड्रायव्हर टाकू नये.

कोड २८ : ड्रायव्हर बसवलेलाच नाही. योग्य ड्रायव्हर टाकला की प्रश्न सुटण्याची शक्यता मोठी.

कोड १० : उपकरण सुरू होऊ शकत नाही. ड्रायव्हर आहे, पण जुळत नाही, असे अनेकदा असते.

कोड ३९ : ड्रायव्हर लोड होत नाही. फाइल खराब आहे किंवा सुरक्षेने अडवली आहे.

कोड ४३ : उपकरणानेच बिघाड कळवला आहे. केबल, पोर्ट किंवा खुद्द यंत्र तपासावे लागेल.

कोड ५२ : ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पडताळता आली नाही.

नाव न दाखवता नुसते ‘अननोन डिव्हाइस’ दिसत असेल, तर त्याच खिडकीतील ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. तिथे व्हीआयडी आणि पीआयडी अशा अक्षरांपुढे चार-चार अंकाक्षरांचे क्रमांक असतात. पहिला कंपनी सांगतो, दुसरा उपकरण. वाहनाच्या नंबर प्लेटसारखा याचा उपयोग होतो आणि नेमका कोणता ड्रायव्हर शोधायचा ते कळते.

ड्रायव्हर मात्र उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ अशी जाहिरात करणारे प्रोग्रॅम टाळावेत. त्यांच्यासोबत नको ते संगणकात शिरते. विंडोज ११ चा ड्रायव्हर मिळाला नाही, तर विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर बहुतेकदा चालतो.

ठसे घेणाऱ्या यंत्राचे काय?

सेवा केंद्रांसाठी सर्वांत नाजूक जागा हीच. या यंत्राला केवळ ड्रायव्हर पुरत नाही. त्यावर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा आणखी एक प्रोग्रॅम लागतो. यंत्र आधार प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत आहे याची खात्री करून, ठसा सांकेतिक रूपात पुढे पाठवण्याचे काम तो करतो. विंडोज बदलताना ड्रायव्हर टिकला आणि आरडी सर्व्हिस अडली, असेही होते. म्हणून जुने दोन्ही प्रोग्रॅम काढून, संगणक पुन्हा सुरू करून, आधी ड्रायव्हर आणि मग आरडी सर्व्हिस या क्रमाने नव्याने बसवावे. त्यानंतरच यंत्र जोडावे.

यंत्र जोडले, दिवा लागला, तरी संकेतस्थळाला ते दिसत नाही, असे झाल्यास ब्राउझर तपासावा. आरडी सर्व्हिस संगणकाच्या आतच ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टवर संकेतस्थळाची वाट पाहत असते. अँटिव्हायरस किंवा फायरवॉलने ही वाट अडवली, तर उपकरण ‘हरवते’. अलीकडचे काही ब्राउझर संकेतस्थळाला संगणकातील अशा सेवेशी बोलू देण्यापूर्वी परवानगी विचारतात. घाईत ‘ब्लॉक’ दाबले गेले असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्या संकेतस्थळाची परवानगी पुन्हा द्यावी लागते.

आणखी एक शक्यता आहे. आधार प्राधिकरणाने एल-झिरो प्रकारच्या यंत्रांकडून एल-वन प्रकाराकडे जाण्याचे धोरण ठेवले आहे. जुन्या प्रकारात ठसा सांकेतिक करण्याचे काम संगणकावरील प्रोग्रॅममध्ये होते. नव्या प्रकारात ते यंत्राच्या आतील सुरक्षित चिपमध्येच होते. मंत्रा कंपनीचे एमएफएस १०० हे पहिल्या पिढीचे, तर एमएफएस ११० हे दुसऱ्या पिढीचे यंत्र. यंत्र जुन्या प्रकारातले असेल, तर दोष विंडोजवर ढकलून उपयोग नाही. तिथे कितीही ड्रायव्हर बदलले तरी प्रश्न सुटणार नाही.

दरम्यान दारात आलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला परत पाठवण्याची गरज नाही. हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही सोय आहे आणि ती स्मार्टफोनवर चालते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्यांसाठी तर ती एरवीही उपयोगाची आहे.

प्रिंटर गप्प का बसतो?

गावोगावच्या झेरॉक्स दुकानांत आणि केंद्रांत एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे प्रिंटर वर्षानुवर्षे राबत आले आहेत. हे यंत्र म्हणून मजबूत, पण पूर्णपणे संगणकावर अवलंबून असतात. पान कसे छापायचे याची आखणी प्रिंटरमध्ये नव्हे, तर संगणकावरील ड्रायव्हरमध्ये होते. लेझरजेट १०२० ला तर दर वेळी सुरू झाल्यावर त्याचा अंतर्गत प्रोग्रॅमही संगणकाकडूनच मिळतो. त्यामुळे ड्रायव्हर गेला की असा प्रिंटर म्हणजे नुसता डबा.

उपाय असा : सेटिंगमधून प्रिंटर काढून टाकावा, त्याचा जुना प्रोग्रॅमही काढावा, केबल सोडवावी, ६४ बिटचा ड्रायव्हर बसवावा आणि प्रोग्रॅम सांगेल तेव्हाच केबल जोडावी. केबल आधी जोडली तर विंडोज स्वतःच्या मनाने दुसराच ड्रायव्हर बसवू शकते.

कधी ड्रायव्हर बरोबर असतो, पण यादीत एकाच प्रिंटरची दोन नावे दिसतात. छपाईचा हुकूम जुन्या, बंद असलेल्या नावाकडे जातो आणि कागद रांगेत अडकतो. नवे नाव ‘डिफॉल्ट’ करावे आणि ‘विंडोजने माझा प्रिंटर निवडावा’ या अर्थाचा पर्याय बंद करावा.

एका प्रिंटरवर दोन-तीन संगणक चालणाऱ्या ठिकाणी वेगळी गोम असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नेटवर्कवरील सामायिक फोल्डरचे नियम कडक झाले आहेत. पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून शिरणे अनेक संगणकांवर बंद झाले आहे. स्कॅन केलेली पाने सामायिक फोल्डरमध्ये येईनाशी झाली, तर संगणकावर पासवर्ड असलेले खाते तयार करून तेच स्कॅनरमध्ये भरावे.

वजनकाटा, फॅट मशिन आणि ती निळी केबल

दूध संकलन केंद्र, धर्मकाटा किंवा अडत दुकानात काट्याचा आकडा थेट संगणकात येतो, तो बहुधा सिरियल पोर्टमधून. नव्या संगणकांना हा पोर्ट नसल्याने यूएसबीत बदलणारी केबल वापरली जाते. अशा असंख्य केबलींमध्ये तैवानच्या प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ मालिकेतील चिप किंवा तिची नक्कल असते.

या मालिकेतील एचएक्सए आणि एक्सए या जुन्या चिपचे उत्पादन कंपनीने २०१२ मध्ये थांबवले. कंपनीचा नवा ड्रायव्हर त्या चिपला नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलच्या नावाच्या जागी ‘ही चिप २०१२ पासून बंद, पुरवठादाराला विचारा’ अशा आशयाची इंग्रजी ओळ झळकते. विंडोज ११ टाकल्यावर अनेकांना प्रथमच ही ओळ दिसते आणि काटाच बिघडला असे वाटते.

तात्पुरता मार्ग म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर अपडेट करताना आपोआप शोधण्याऐवजी यादीतून जुनी आवृत्ती निवडणे. पण पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा ड्रायव्हर टाकू शकते. कायमचा उपाय म्हणजे चालू चिपची नवी केबल. काट्याच्या किंवा फॅट मशिनच्या किमतीपुढे तिची किंमत नगण्य आहे.

केबल बदलल्यावर आकडे येत नसतील तर ‘कॉम पोर्ट’चा क्रमांक पाहावा. जुन्या सॉफ्टवेअरला कॉम ३ ची सवय असते आणि नवी केबल कॉम ७ वर बसलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ‘अॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये क्रमांक बदलता येतो. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ठाऊक नसेल तर सकाळच्या दुधाची सगळी नोंद वहीवर करावी लागते.

मराठी टायपिंगच्या लॉकची अडचण

छपाई व्यावसायिक आणि अर्जनवीस यांच्याकडे मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत ‘लॉक’ किंवा ‘डोंगल’ असे. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. त्या छोट्या वस्तूलाही स्वतःचा ड्रायव्हर लागतो, हे विसरले जाते. अपग्रेडनंतर आधी लॉकचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. लॉक जुन्या प्रिंटर पोर्टवर लागणारे असेल, तर ते नव्या संगणकाला जोडण्याची जागाच नसते. अशा वेळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडे अदलाबदलीची विचारणा करावी. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनलाही हाच नियम लागू होतो.

याच निमित्ताने जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून ठेवाव्यात. मग मजकूर कुठल्याही संगणकावर आणि फोनवर उघडतो. लॉकवरचे अवलंबित्व संपते.

संगणकच अपात्र ठरला तर?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय पद्धतीचे सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर पात्र आहेत. नावावरून पिढी ओळखता येते : आय३-७१०० सातव्या पिढीचा, आय३-८१०० आठव्या पिढीचा, तर आय३-१०१०० दहाव्या पिढीचा.

‘टीपीएम नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच निराश होऊ नका. अनेक संगणकांत ती सुविधा असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या संगणकात ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या संगणकात ‘एफटीपीएम’ नावाने सापडते. मात्र बायोसमध्ये जुनी ‘लेगसी’ पद्धत एकदम यूईएफआय करू नये. हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली असेल, तर संगणक सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. हे काम माहीतगाराकडून आणि माहितीची प्रत काढूनच करावे.

अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात. तसे करता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ आवृत्ती तर फार जुन्या, उदाहरणार्थ कोअर टू ड्युओ काळातील प्रोसेसरवर सुरूच होत नाही. लोकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकावर असा प्रयोग नको.

खासगी वापराच्या संगणकासाठी एक मधला मार्ग आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. व्यावसायिक संस्थांसाठी त्याच योजनेचे वेगळे, सशुल्क नियम आहेत.

लिनक्स हा आणखी एक पर्याय. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली तयार केली आहे आणि केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले आहे. अभ्यास, टायपिंग, इंटरनेट यासाठी जुन्या संगणकाला त्यातून नवे आयुष्य मिळते. पण ठशाचे यंत्र आणि स्वाक्षरीचे टोकन लिनक्सवर चालते का, हे विचारल्याशिवाय केंद्राचा संगणक बदलू नये.

अपग्रेड करण्याआधी हे करा

• मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून संगणक पात्र आहे का ते पाहा. हे उपकरणांबद्दल सांगत नाही, म्हणून प्रत्येक उपकरणाचे नाव आणि मॉडेल कागदावर लिहून त्याचा ६४ बिट ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवा.

• महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही; सगळे नव्याने बसवावे लागते.

• बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक ती मागू शकतो आणि की नसेल तर डिस्कवरील माहिती हाती लागत नाही.

• कीबोर्ड आणि माउस सोडून बाकीची सगळी यूएसबी उपकरणे काढून ठेवा. ‘शून्य एक्स सी १९००१०१’ ने सुरू होणारी चूक दाखवून अपग्रेड मध्येच थांबले, तर कारण बहुधा एखादा ड्रायव्हर असतो.

• वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून यूपीएसची बॅटरी तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

• प्रवेशाचा हंगाम, विम्याची शेवटची तारीख किंवा नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्यांचे दिवस टाळा. दोन संगणक असतील तर आधी एकच बदला. आठवडाभर त्यावर सगळी कामे करून पाहा.

मागे फिरता येते का?

येते, पण मुदतीत. अपग्रेडनंतर साधारण १० दिवस सेटिंगमधील ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ हा पर्याय असतो. तेवढ्या काळात जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवलेली असते. जागा मोकळी करण्याच्या नादात हा फोल्डर पुसला, तर परतीचा रस्ता बंद होतो. संगणक पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकली असेल, तरीही ही सोय नसते.

म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक उपकरण एकदा तपासावे : एक पान छापावे, एक कागद स्कॅन करावा, एक ठसा घ्यावा, एक सही करावी, काट्याचा एक आकडा उतरवावा. यातले काही अडले आणि दोन-तीन दिवसांत सुटले नाही, तर १० दिवस संपण्याआधी मागे फिरावे आणि योग्य ड्रायव्हर किंवा नवे उपकरण हाती आल्यावरच पुन्हा प्रयत्न करावा. निलंगा, उदगीर किंवा लातूरहून दुरुस्ती करणारा येईपर्यंत केंद्राचे शटर ओढून बसण्यापेक्षा हे केव्हाही परवडते.